पायवाटांसाठी जुनी टू-स्ट्रोक घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे जुन्या बाजारात खरीखुरी टू-स्ट्रोक एन्ड्युरो (कच्च्या वाटांसाठीच बनवलेली मोटरसायकल) मिळते का?

जवळपास नाहीच. यामाहा डीटी, कावासाकी केडीएक्स, केटीएम ईएक्ससी या गाड्या जपान, युरोप, अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. आपल्याकडे त्याच काळात विकली गेली ती साधी रस्त्यावरची टू-स्ट्रोक: यामाहा आरएक्स, सुझुकी शोगन आणि मॅक्स, कावासाकी बजाज केबी, येझदी. सह्याद्रीत कोणी ‘माझी ट्रेलची टू-स्ट्रोक’ म्हणालं, तर दहातल्या नऊ वेळा ती गुटक्यांचे (उंच रबरी ठोकळ्यांचे) टायर, रुंद हँडल आणि बदललेलं चेन-स्प्रॉकेट लावलेली आरएक्स असते. या पानावरची उत्तरं मुख्यतः तिच्याबद्दल आहेत. परदेशातल्या मंडळींसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

वापरलेली गाडी बाहेरून मागवायची म्हणाल, तर ३ वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही. तो विषय तिथेच संपतो.

मग हिरो एक्सपल्ससारखी नवी फोर-स्ट्रोक का घेऊ नये?

घ्या की. रोज ऑफिसला जायचं असेल, वर्षातून एकदा स्पितीला जायचं असेल, गॅरेजमध्ये रविवार घालवायची हौस नसेल, तर तीच घ्या. जमिनीपासून २२० मिलिमीटर क्लिअरन्स, पुढे २१ इंची चाक, लांब सस्पेन्शन. यातलं काहीही आरएक्सकडे नाही.

आरएक्सकडे आहे ते वजन. ती शंभर किलोच्या जरा वर जाते, आणि एक्सपल्स तिच्याहून पन्नासेक किलोने जड. डांबरी रस्त्यावर हे पन्नास किलो जाणवत नाहीत. निसरड्या चढावर गाडी आडवी पडली, सोबत कोणी नाही, आणि तिसऱ्यांदा उचलायची आहे, तेव्हा ते जाणवतात. ओढ्यातून बाहेर ओढताना, बांधावरून पलीकडे ठेवताना, अरुंद वाटेत जागच्या जागी मागचं चाक उचलून वळवताना हलक्या गाडीला पर्याय नाही. दुसरी गोष्ट म्हणजे साधेपणा: फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडर उतरवून पिस्टन बदलणं हे ओसरीवर बसून होणारं काम आहे.

कोणतं मॉडेल बघू?

यामाहा आरएक्स १००: १९८५ ते १९९६. ९८ सीसी, ११ बीएचपी, चार गिअर. इंजिन चिवट आणि ओळखीचं. तालुक्याच्या गावातल्या जुन्या मिस्त्रीलाही ते डोळे मिटून उघडता येतं. अडचण एकच, भाव. शौकिनांनी या गाडीची मूर्ती करून ठेवली आहे. चकचकीत रंग, क्रोम आणि ‘मेड इन जपान’ शिक्का असलेल्या गाडीला लाखाच्या वर मागणी सांगतात. अशी गाडी घेऊन दगडात आपटायची तुमची हिंमत होणार नाही, आणि होऊही नये.

यामाहा आरएक्स १३५: माझं मत या गाडीला. १३२ सीसी, त्यामुळे खालच्या फेऱ्यांत जोर जास्त, आणि वाटेवर तोच लागतो. २००५ पर्यंत बनत होती, म्हणून वयाने त्यातल्या त्यात तरुण. शंभरच्या तुलनेत स्वस्त, सुटे भाग बरेचसे सारखे. चार गिअरची आणि पाच गिअरची अशा दोन्ही मिळतात. पाच गिअरच्या मागे लागू नका. वाटेवर तुम्ही पहिल्या तीन गिअरच्या वर क्वचितच जाता.

सुझुकी शोगन: १९९३ ची, १०८ सीसी, जवळपास १४ बीएचपी. डर्ट ट्रॅकवर हिने नाव काढलं, पण सगळी ताकद वरच्या फेऱ्यांत. हळू, तांत्रिक चढावर सतत क्लच दाबत बसावं लागतं. शिवाय टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये वेगळे झाले, आणि सुट्या भागांची शोधाशोध दरवर्षी वाढते आहे. मॅक्स १०० तुलनेने शांत आणि मजबूत. खेडोपाडी दुधाच्या किटल्या वाहून झिजलेल्या असतात, पण स्वस्त मिळतात.

येझदी रोडकिंग: २५० सीसी, खालपासून भरपूर जोर, आवाज तर काय सांगावा. पण वजन आरएक्सपेक्षा बरंच जास्त, आणि किक-गिअरचा दांडा एकच. चढावर गाडी बंद पडली की तो दांडा आत दाबून, फिरवून, किक मारून परत गिअरला आणायचा आणि तेवढ्यात मागे घरंगळायचं नाही, हे कसब ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार. पहिली ट्रेल गाडी म्हणून घेऊ नका.

केबी १०० चांगल्या अवस्थेत आणि जवळच्या माणसाकडून मिळाली तर बघा. मुद्दाम शोधत फिरू नका.

आधी कागद बघू की इंजिन?

कागद. बिघडलेलं इंजिन पैशाने दुरुस्त होतं, बिघडलेले कागद बहुतेक वेळा होत नाहीत.

शेवटची आरएक्स २००५ ची, म्हणजे आज बाजारातली एकही गाडी २० वर्षांच्या आतली नाही. पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करायचं, ज्याला सगळे ‘पासिंग’ म्हणतात. हे शुल्क २०२२ मध्ये वाढलं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलींसाठी आणखी वाढून २,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. पासिंग चुकलं असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, आणि तो सौद्यात कोणाच्या खिशातून जाणार हे आधीच बोलून घ्या.

नंबर वाहन पोर्टलवर टाकून पाहा. जुनी पुस्तकी आरसी असलेल्या कित्येक गाड्या तिथे दिसतच नाहीत. त्यांची नोंद संगणकात चढलेली नसते, आणि त्यासाठी मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. ती मूळ मालकाच्या नावावर असताना होणं सोपं. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला ‘मग पैसेही नंतर’ म्हणा. नोंद नसेल तर उच्च सुरक्षा नंबर पाटीही (एचएसआरपी) अडते, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती महाराष्ट्रात सक्तीची आहे.

चॅसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचा. हँडलखालच्या नळीवर रंगाचा जाड थर असेल तर जरा खरवडायची परवानगी मागा. अक्षरं वाकडीतिकडी, खोली कमी-जास्त, आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा दिसल्या की चहा पिऊन घरी या. शंभरच्या चॅसिसमध्ये १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या ढिगाने आहेत. चालायला मस्त, पण आरसीवर इंजिन क्रमांक जुनाच असतो. तशी गाडी नावावर करताना आरटीओत अडकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओचा नमुना २८ म्हणजे ना हरकत हातात असेल तरच पुढे बोला, आणि इथला कर हिशेबात धरा. गाडी नावावर करायच्या नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर व्हायला हवी. मालक वारलेले असतील तर वारसांचे कागद पूर्ण झाल्याशिवाय इसार देऊ नका.

इंजिन कसं तपासायचं? मला त्यातलं फारसं कळत नाही.

मिस्त्रीला सोबत न्या. पण पुढच्या गोष्टी कोणालाही जमतात, आणि तुम्ही त्या केल्या की विक्रेत्याचा सूर बदलतो.

गार इंजिनवर जा. ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं फोनवरच सांगा. पोचल्यावर पहिलं काम, सिलिंडरला हात लावून बघा. कोमट असेल तर तिला सुरू व्हायला त्रास होतो हे उत्तर तुम्हाला मिळालं.

चोक ओढून दोन-तीन किकांत सुरू व्हायला हवी. सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकचा स्वभाव आहे, तो इंजिन तापल्यावर कमी होतो. दाट पांढरा धूर येतच राहिला, त्याला जळक्या गिअर ऑइलचा वास असला आणि गिअर ऑइलची पातळी खाली असली, तर क्लचच्या बाजूचं क्रॅंक सील (क्रॅंकच्या टोकाशी हवा-ऑइल अडवणारं रबर) गेलं आहे. उलट्या बाजूचं, म्हणजे मॅग्नेटकडचं सील गेलं असेल तर खूण वेगळी: ॲक्सिलरेटर सोडला तरी फेरे लगेच खाली येत नाहीत, इंजिन वरच रेंगाळतं. तिथून बाहेरची हवा आत शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि अशी गाडी लांब चढावर जाम होते. सील स्वस्त असतं, पण क्लचच्या बाजूचं काढायला बरंच काही उघडावं लागतं.

आता गाडी बंद करा, प्लग काढा, मॅग्नेटचं झाकण उघडा. पिस्टन जवळपास वर आणून प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर हलकेच त्याच्यावर टेकवा आणि मॅग्नेट हाताने थोडंसं डावी-उजवीकडे हलवा. मॅग्नेट हलतंय पण पिस्टन हलत नाही असा मोकळा खेळ किंवा ‘टक’ असा ठोका जाणवला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं आहे. याला गॅरेजच्या भाषेत ‘फुल इंजिन’ म्हणतात: क्रॅंक काढा, लेथवर द्या, रॉड बदला, बेअरिंगं बदला. नुसत्या बोअर-पिस्टनच्या ‘हाफ इंजिन’पेक्षा खर्च कितीतरी जास्त. विक्रेता ‘आत्ताच इंजिन केलंय’ म्हणतो तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच: हाफ की फुल? आणि पावती?

प्लगच्या भोकात टॉर्च मारून पिस्टनचं डोकं पाहा. त्यावर २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा दिसला तर सिलिंडर तितक्या शतांश मिलिमीटरने रिबोअर झालंय, म्हणजे आतून घासून मोठं केलंय. १०० म्हणजे पुढचा मुक्काम नवी स्लीव्ह किंवा नवं सिलिंडर. कॉम्प्रेशन गेज मिळालं तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, गरम इंजिनवर आठ-दहा किका मारा. १०० पीएसआयच्या बरंच खाली आकडा असेल तर हाफ इंजिनचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

मग चालवून बघा. चारही गिअर चढ-उतार दोन्हीकडे. दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की उडी मारून न्यूट्रलला येत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

आणि सांगाडा?

सायलेन्सर, फूटरेस्टची पट्टी, मागच्या शॉकअपचे कान आणि हँडलखालची नळी, या चार जागी वेल्डिंग शोधा. पुढचं चाक हवेत उचलून हँडल हळू फिरवा. मध्येच खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय, त्याची काळजी करू नका. मागचं चाक आडवं हलवल्यावर खेळ दिसला तर स्विंगआर्मचे बुश, तेही किरकोळ. चॅसिस वाकडी असेल तर मात्र नाही म्हणा.

टूटी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनच्या ऑइलचा पंप ठेवू की ते पेट्रोलमध्येच मिसळू?

यावर दोन तट आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. आरएक्सला मूळचा ऑटोल्यूब पंप असतो. तो इंजिनच्या फेऱ्यांवर आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर चालतो. जुन्या गाड्यांत बऱ्याच मिस्त्रींनी तो काढून पत्रा ठोकलेला असतो, ‘पंपाचा भरवसा नाही’ म्हणून.

मी पंप ठेवण्याच्या बाजूचा आहे, आणि कारण घाट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की ऑइल फक्त पेट्रोलबरोबरच आत जातं. लांब उतारावर तुम्ही ॲक्सिलरेटर बंद करून गिअरवर उतरता, इंजिनचे फेरे चढलेले, पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे ऑइलही बंद. अशा उतारावर इंजिन जाम होऊ शकतं. पंप मात्र फेऱ्यांबरोबर थोडं ऑइल देतच राहतो. मिसळूनच चालवत असाल तर उतारावर अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटरचा एक झटका द्या.

प्रमाण: लिटरला २५ मिलिलिटर म्हणजे ४० ला १. नव्या बोअरवर सुरुवातीला ३० ला १. मापाची बाटली ठेवा, अंदाजाने ओतू नका. पंप असेल तर केबलवरची खूण जुळते का ते पाहा, आणि ऑइलची टाकी रिकामी होणार नाही याकडे लक्ष द्या. ती रिकामी झाली की गाडी सांगत नाही, थेट थांबते.

ई-२० पेट्रोल चालेल का?

पर्याय जवळपास राहिलेला नाही, बहुतेक सगळीकडे तेच आहे. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबर फुगवतं आणि मिश्रण पातळ करतं. पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर आणि कार्बोरेटरची रबरं नवी घाला. मेन जेट एक आकडा मोठं करून प्लगचा रंग बघा. कोरडा, पांढरट दिसला तर अजून मोठं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, आणि मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये साठवू नका.

गाडीत काय बदल करावेत?

टायर, स्प्रॉकेट, हँडल. याच क्रमाने.

गुटक्यांचे टायर १८ इंचात मिळतात, पण जाड टायर स्विंगआर्मला किंवा मडगार्डला घासतो, तेव्हा विकत घेण्याआधी मापं घ्या. वाटेवर हवा १८ ते २० पीएसआय, त्याखाली दगडावर ट्यूब चिमटते. पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान केलंत तरी पहिला गिअर माणसात येतो. तेवढ्याने भागलं नाही तरच मागचं मोठं करा. उभं राहून चालवताना कंबर वाकू नये इतकं उंच हँडल. इंजिनखाली जाड पत्रा.

पोर्टिंग (सिलिंडरमधली भोकं घासून मोठी करणं), मोठा कार्बोरेटर, रेसचा सायलेन्सर यांनी वरची ताकद वाढते आणि खालची जाते. वाटेवर हवी असते नेमकी खालची. शिवाय त्या उघड्या सायलेन्सरच्या आवाजाने वाडीतली गुरं दावं तोडतात आणि पुढच्या वेळी गावकरी वाट अडवतात, जे बरोबरच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. मूळ सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवा, पीयूसीलाही तोच उपयोगी पडतो. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम आहे, त्यानंतरच्या टू-स्ट्रोकना ६,०००.

ड्रम ब्रेक पुरतात का?

कोरड्यात हो. ओढ्यातून निघाल्यावर पहिले काही मीटर अजिबात नाही. हलका ब्रेक दाबत चालवून सुकवा.

चालवायचं कुठे? जंगलात परवानगी लागते का?

अभयारण्यात वाटा सोडून गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना, गोव्यातलं म्हादई, या यादीवर वाद नको. राखीव वनातही वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. किल्ल्यांच्या वाटेवर गाडी चढवून व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दल इथे न लिहिलेलंच बरं.

लोकांना कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे सडे. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे कातळसडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, आणि ‘इथे काय बिघडणार’ असं वाटतं. त्या दगडावर मातीचा थर बोटभरच असतो, पावसाळ्यातली सगळी फुलं त्यातच येतात, आणि चाकाची चाकोरी वर्षानुवर्षं भरून येत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. बाकीच्या सड्यांना तसलं संरक्षण नाही, म्हणून ते आपणच सोडायचे.

उरतं ते पुष्कळ आहे. वेल्हे, मुळशी, मावळ, भोर, जुन्नर भागात वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते, बैलगाडीच्या वाटा, जुन्या खाणी, ओळखीच्या माणसाचं माळरान. गावात शिरताना थांबून पोलीस पाटलांना किंवा पारावर बसलेल्यांना विचारा. आषाढात भातखाचराच्या बांधावरून गाडी नेऊ नका. उन्हाळ्यात तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतात टेकवून उभे राहू नका, वणवा असाच लागतो.

मी अमेरिकेत आहे. जुनी केडीएक्स २०० मिळते आहे, घेऊ का?

तुमचा हेवा वाटतो. ही १९८३ ते २००६ पर्यंत बनली, १९८९ पासून पाण्याने थंड होणारी. १९९५ नंतरची बघा. एक्झॉस्टमधली झडप खालचा जोर सांभाळते, पण कार्बन साचून अडकते. मालकाला ती शेवटची कधी साफ केली ते विचारा. सिलिंडरला आतून कडक थर असतो, आपल्यासारखं सहज रिबोअर होत नाही, म्हणून ओरखडा महाग पडतो. दुसरा पर्याय केटीएम २०० ईएक्ससी, तीही फार हलकी. १२५ ची मोटोक्रॉस स्वस्त मिळते म्हणून मात्र घेऊ नका. खालचा जोर नाही, सस्पेन्शन कडक, दिवे नाहीत. मालकीचा कागद आणि चॅसिस क्रमांक तिथेही तितकेच महत्त्वाचे, आणि सरकारी जंगलात ठिणगीरोधक सायलेन्सर सक्तीचा.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर?

किक मारू नका. आत पाणी असताना किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. काठावर ओढा, प्लग काढा, पेट्रोल कॉक बंद करा, गाडी उलटी करून सायलेन्सरमधलं पाणी जाऊ द्या, मग प्लगविना किका मारा म्हणजे भोकातून पाणी फवारेल. एअर फिल्टर पिळा, कार्बोरेटरचा तळ मोकळा करा, सुका प्लग लावा. फोर-स्ट्रोकसारखं ऑइल पांढरं होऊन वाया जाण्याची भीती क्रॅंकमध्ये नाही, पण घरी आल्यावर गिअर ऑइल बदला.

सौदा झाला. पहिल्या आठवड्यात काय करू?

गाडीसाठी ठरवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला असेल असं धरतो. गिअर ऑइल, दोन्ही केबल, ब्रेकशू, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, सगळं नवं. रीड व्हॉल्व्ह (कार्बोरेटर आणि इंजिनमधली पातळ पाकळ्यांची झडप) उघडून पाकळीचा कोपरा तुटलाय का बघा. तुटका तुकडा सिलिंडरमध्ये गेला तर बोअर गेला. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, पण पिस्टन-रिंग, सील आणि बेअरिंग यांत डुप्लिकेट माल भरपूर आहे. डबीकडे न बघता भाग हातात घेऊन जुन्याशेजारी ठेवा.

पहिली फेरी गावाजवळ, पंधरावीस किलोमीटरच्या आत, सोबत दुसरी गाडी असताना. पिशवीत दोन प्लग, प्लग पाना, एक ट्यूब, टायर लिव्हर, पंप, चेनची लिंक, क्लच केबल, तार, आणि अर्धा लिटर टूटी ऑइल.